पोराच्या इंजिनिअरिंगसाठी वीस गुंठे विकावेत का?

गारगोटीकर:
भाच्याला पुण्यात इंजिनिअरिंगची सीट लागली, कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी). पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी दाजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून माझ्यापुढं ठेवला. "वीस गुंठे काढतो. गिऱ्हाईक आलंय." नावावर आहे तीच तेवढी. अक्का आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला ते मला ऐकू आलं.

माझं स्पष्ट मत आहे, विकू नये. फी १,४०,००० आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क सुटतं. होस्टेल-मेस धरून वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास, चार वर्षांचे सात लाख. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, सरकारची पतहमी (कर्ज बुडालं तर बँकेला हमी) असते. कर्ज पोराच्या नावावर, आईबाप सहकर्जदार. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेजला मानांकन असेल तर शिक्षण संपून वर्ष होईपर्यंतचं व्याजही केंद्र सरकार भरतं.

आणखी एक. शेवटचा तुकडा विकला की माणूस शेतकरी राहत नाही. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. उद्या भाच्याकडं पैसे आले तरी ती वाट बंद झालेली असेल.

शिरोळचा ऊसकरी:
दादा, मी २०१६ ला एक एकर विकलं, मुलीच्या नर्सिंगसाठी. आज ती सरकारी दवाखान्यात आहे. मला एक दिवस पश्चात्ताप झाला नाही. (आता बरं आहे, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. तेव्हा नव्हतं.)

वीस गुंठ्यांचा हिशोब मांडा. एकरी चाळीस टन धरला तर वीस टन ऊस. टनाला तीन हजार धरा, साठ हजार झाले. त्यातनं लागण, खतं, पाणीपट्टी, भांगलण वजा करा. हातात राहतं काय? त्यासाठी बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर सात लाख? बापानं काढायचं ते ओझं तुम्ही पोरावर ढकलताय.

गारगोटीकर:
ऊसकरी, तुमच्याकडं एकर विकूनही मागं जमीन राहिली असेल. दाजींकडं काही राहत नाही. एक्कावन्न वर्षांचा माणूस उद्यापासून दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणार, हे मी भाच्याला कसं सांगू?

पहिला पगार:
मी पोरगी आहे आणि कर्ज माझ्याच नावावर आहे, म्हणून लिहिते. गारगोटीकर काका, कागदावरचा नियम आणि काउंटरवरचं बोलणं यात फार फरक असतो. मला एका बँकेत तोंडावर सांगितलं, "तारण आणा, नाहीतर दुसरीकडं बघा." तीन फेऱ्या झाल्या. शेवटी शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाकला आणि दुसऱ्या बँकेनं दिलं.

पाच लाख, दहा टक्के, दहा वर्षं असं धरलं तर हप्ता ६,६०० रुपये बसतो. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिसळलं की आणखी वाढतो. माझा पहिला पगार १८,००० होता. खोलीभाडं आणि डबा गेल्यावर महिन्याच्या वीस तारखेनंतर मी चालत ऑफिसला जायचे. स्थळं बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न कर्जाचा. बाबांनी जमीन विकली असती तर मला हे सोसावं लागलं नसतं. तरीही त्यांनी विकली नाही हे बरं झालं असं मला वाटतं, कारण आज आम्ही गावी जातो तेव्हा जायला घर आणि रान आहे. भाच्याला मात्र हे आधी सांगा. हप्त्याचा आकडा त्याच्या वहीत त्याच्याच हातानं लिहायला लावा.

उद्यमनगर:
पुण्यालाच का जायचं? कोल्हापुरात इंजिनिअरिंगची कॉलेजं कमी आहेत काय? घरातनं एसटीच्या पासवर गेला तर होस्टेल-मेसचा लाखभर वाचतो. विद्यार्थी पासाला एक तृतीयांशच पैसे पडतात. माझ्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमाची दोन पोरं संध्याकाळी काम करतात, लेथ पण शिकतात, हातखर्च पण निघतो. कर्मवीर अण्णा (भाऊराव पाटील) कुंभोजचे, आपल्याच जिल्ह्यातले. 'कमवा आणि शिका' त्यांनीच रुजवलं. शिवाजी विद्यापीठातही ही योजना चालू आहे.

पहिला पगार:
दादा, डिप्लोमाचं वेगळं. डिग्रीला प्रॅक्टिकल पाचपर्यंत, मग सबमिशन. माझ्या वर्गातला एक मुलगा रात्रपाळी करून यायचा, पहिल्याच सेमिस्टरला चार विषय राहिले. कॉलेज जवळचं निवडा, हे मात्र पटलं.

बोर्डिंगचा मास्तर:
मी दसरा चौकातल्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलो, वडील हमाल होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाला जागा आणि पैसा देऊन वसतिगृहं उभी केली. खेड्यातल्या पोराचं शिक्षण फीपेक्षा राहण्या-जेवण्यावर अडतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तुमच्या भाच्याचंही तेच आहे. फीचं निम्मं सुटलंय, अडलंय ते मेसवर. अल्पभूधारकाच्या मुलाला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) त्याचा अर्ज वेगळा भरावा लागतो, पुष्कळजण शिष्यवृत्तीचा भरून थांबतात. पैसे उशिरा येतात, पहिली टर्म तुम्हालाच काढावी लागेल.

शिरोळचा ऊसकरी:
मास्तर म्हणतात ते खरं. पण उशिरा येणाऱ्या पैशावर मेसवाला थांबत नाही. माझं मत बदललेलं नाही. शेवटचीच जमीन आहे हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग दहा गुंठे विकून दहा ठेवा, शेतकरीपण राहील. तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी) बसतं का, ते तलाठ्याला विचारा.

गारगोटीकर:
दाजींना सगळं वाचून दाखवलं. दहा गुंठ्यांना ते नाहीच म्हणाले, "विकलं तर विकलं, अर्धवट कशाला." अक्का पहिल्यांदा बोलली, "दोन म्हशींच्या दुधाचं दहा दिवसाचं बिल येतंय की, मेसचं त्यातनं बघू." भाच्यानं वहीत हप्ता लिहिला, सात लाखांचा ९,२५०. बराच वेळ बघत बसला होता. गिऱ्हाइकाला अजून नाही म्हटलेलं नाही. सोमवारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जातोय. अल्पभूधारक दाखला तिथंच मिळतो का, कुणी सांगेल का?