मदत हवी आहे: नोकरी ओमानला, आधार कधी काढलंच नाही, रजा फक्त २२ दिवस

नमस्कार मंडळी,

मी ओमानमध्ये सोहारला पाइप फॅब्रिकेशनच्या कामावर आहे. गाव राजापूर तालुक्यात. ऑगस्ट २०१० मध्ये घर सोडलं. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं ते २९ सप्टेंबर २०१० ला. म्हणजे मी विमानात बसलो आणि मागून आधार आलं. आमची चुकामूक तेव्हापासूनची.

इतकी वर्षं काही अडलं नाही. पासपोर्ट आहे, एनआरई खातं आहे, पॅन आहे. दर दोन वर्षांनी रजेवर येतो, त्यात अर्धे दिवस लग्नं आणि बारशी. पण वडील गेल्या श्रावणात गेले. सातबाऱ्यावर आई, बहीण आणि माझी वारस नोंद करायची आहे. तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात कोणी म्हणत नाही) तिघांच्या आधारच्या प्रती मागितल्या. आई आणि बहिणीची दिली, माझी कुठून देणार? शिवाय कलमांच्या बागेसाठी ते शेतकरी ओळखपत्र काढायचं म्हणतात, तेही आधारशिवाय होत नाही.

बहिणीने तालुक्याला एका केंद्रात विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "भाऊ आधी सहा महिने इथे येऊन राहू दे, मग बघू." सहा महिने राहिलो तर नोकरी राहील का?

मला शिमग्याला २२ दिवसांची रजा मिळाली आहे. तेवढ्यात होईल का? की मस्कतच्या दूतावासातच होतं? दुसरी भानगड पत्त्याची. पासपोर्ट २०२१ ला इथेच नवीन केला, पण त्यावर पत्ता अजून लालबागच्या काकांच्या खोलीचा आहे. ती चाळ पाडली, तिथे आता टॉवरचं काम चालू आहे. मला पत्ता गावचा हवाय. कोणी हे केलं असेल तर नीट सांगा, यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

– ळ_हरवलेला

---

हापूसवाला: दादा, सोपं आहे. बाहेर असतो हे बोलायचंच नाही. साधा फॉर्म भरायचा, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडायची आणि मोकळं व्हायचं. कोण बघतंय?

शाईपेन: @हापूसवाला, असले सल्ले देऊ नका हो. जे हक्काने मिळतंय त्यासाठी खोट्यावर सही कशाला करायची?

धागाकर्ते, तो केंद्रातला मुलगा जुनं ऐकलेलं सांगतोय. २०१६ च्या आधार कायद्यात 'रहिवासी' म्हणजे अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला माणूस. तेव्हा तुमच्यासारखे सगळे बाहेरच पडत होते. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना ही अट नको, आल्या आल्या अर्ज करता येईल. सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. तुम्ही मुंबईत उतरलात की दुसऱ्या दिवशी जाऊ शकता.

दूतावासात होत नाही. बोटं, डोळे, फोटो द्यायला भारतात यावंच लागतं.

जर्सीकर: एक भर. हे फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आहे, मला १८२ दिवसांची अट अजून आहे. भाच्याचं वाचून मी पण केंद्रात गेलो होतो, हात हलवत परत आलो.

कुवेतची_सूनबाई: मी आणि नवऱ्याने गेल्या वर्षी केलं, पुण्यात. सविस्तर लिहिते, कारण आम्ही एक चक्कर फुकट घालवली.

ओळखीचा पुरावा म्हणून चालू मुदतीचा भारतीय पासपोर्टच लागतो, दुसरं काही नाही. पॅन, लायसन्स, काही दाखवा, एनआरआयसाठी पासपोर्टच. मूळ प्रत घेऊन जा, ते तिथेच स्कॅन करून परत देतात. मात्र पत्ता पासपोर्टवरचाच पाहिजे असं काही नाही. भारतातला दुसरा पत्ता देता येतो, त्याचा मान्य यादीतला पुरावा हवा. तुमच्या नावावर गावाला काही नसेल तर ग्रामपंचायतीतून प्रमाणपत्र घ्या. पण नेहमीचा रहिवासी दाखला आणू नका! आधार देणाऱ्या प्राधिकरणाचा (यूआयडीएआय) एक ठरलेला छापील नमुना आहे, तो साइटवरून काढायचा, त्यावर फोटो, सही, शिक्का. तीन महिन्यांच्या आतला हवा. आमची फुकट चक्कर इथेच गेली, सासऱ्यांनी मोठ्या हौसेने लेटरहेडवर दाखला आणला होता.

पत्ता भारतातला असेल तर १८ वर्षांवरच्यांना फॉर्म १. बाहेरचाच पत्ता लावायचा असेल तर फॉर्म २. फॉर्मवर एनआरआयची खूण आहे ती करा आणि ऑपरेटरलाही तोंडाने सांगा, "एनआरआय म्हणून घ्या." आमच्या ऑपरेटरने सवयीने रहिवासी टाकलं होतं, नवऱ्याने स्क्रीनवर बघितलं म्हणून कळलं. ई-मेल आयडी द्यावाच लागतो.

आणि जाण्याआधी केंद्रात फोन करून विचारा की मोठ्या माणसाची नवीन नोंदणी तिथे होते का. आमच्या घराजवळच्या केंद्रात फक्त दुरुस्त्या चालायच्या. नोंदणी फुकट असते, कोणी पैसे मागितले तर पावती मागा, लगेच गप्प बसतात.

ळ_हरवलेला: ताई, शतशः आभार. अजून दोन प्रश्न. पंधरा वर्षं ग्राइंडर चालवून माझ्या बोटांच्या रेघा गेल्यात. कंपनीच्या हजेरीच्या मशीनवर पण अंगठा चार वेळा दाबावा लागतो. आधारला चालेल का? आणि मोबाइल नंबर ओमानचा दिला तर?

शाईपेन: बोटांचं घाबरू नका, डोळ्यांची बुबुळंही घेतात. ठसे कमकुवत आले तरी नोंदणी थांबत नाही. चार-पाच दिवस आधी हाताला खोबरेल चोळा, आणि रजेच्या पहिल्या आठवड्यातच जा. शेवटच्या दिवसावर ठेवलं आणि काही अडलं, तर पुढच्या शिमग्यापर्यंत वाट बघा.

मोबाइल मात्र भारतातलाच द्या. बाहेरच्या नंबरवर एसएमएस येत नाहीत आणि ओटीपीशिवाय आधार म्हणजे नुसता कागद. सिम तुमच्याच नावावर घ्या, मेव्हण्याचा नंबर देऊ नका. सोहारला परत जाताना रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्ज चुकवू नका. सिम बंद पडून तो नंबर दुसऱ्याला गेला की पुढचा ताप वेगळा.

गणकयंत्र: विषय थोडा बाजूला जातोय, पण पॅन आहे म्हणालात म्हणून. आयकराच्या साइटवर जाऊन बघा पॅन चालू आहे का. अनिवासींना पॅन-आधार जोडणीतून मे २०१७ च्या अधिसूचनेने सूट आहे. पण तुम्ही अनिवासी आहात हे खात्याला माहीतच नसेल तर ३० जून २०२३ ची मुदत उलटल्यावर पॅन निष्क्रिय झालेलं असू शकतं. तसं असेल तर तुमच्या पॅनच्या आयकर अधिकाऱ्याला पासपोर्टची प्रत आणि बाहेरच्या वास्तव्याचे पुरावे पाठवून दर्जा बदलून घ्या. घाईघाईत १,००० रुपये भरून जोडत बसू नका. आता आधार निघणारच आहे म्हटल्यावर अनेक जण तेच करतात, मूळ नोंद मात्र 'निवासी' राहते.

आणखी एक. शेतकरी ओळखपत्र काढाल, ठीक. पण पीएम किसानचे हप्ते अनिवासी भारतीयांना लागू नाहीत. गावात कोणीतरी "टाकून ठेव नाव, काय जातंय" म्हणेलच.

हापूसवाला: बरं बाबा, चुकलो. पण सातबाऱ्याचं नाव आणि आधारचं नाव जुळलं पाहिजे, एवढं माझं ऐका. ओळखपत्र काढताना दोन्हीकडच्या नावाचा मेळ बघतात. आमच्या वाडीत एकाचं नाव सातबाऱ्यावर 'बाळकृष्ण' आणि आधारवर 'बाळा'. वर्ष झालं, फिरतोय बिचारा.

कुवेतची_सूनबाई: लहान मुलं असतील तर त्यांचंही त्याच वेळी करून घ्या. पाच वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारवर होतं. पण मूल एनआरआय असेल तर त्याचाही भारतीय पासपोर्ट लागतोच. मग पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे द्यायला पुन्हा यायचं.

---

ळ_हरवलेला (धागाकर्ता, अपडेट): मंडळी, झालं. उशिरा लिहितोय, इथे शटडाउनचं (प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं) काम होतं, डोकं वर काढायला वेळ नव्हता.

पालखी नाचवायच्या आधीच जाऊन आलो. बहिणीने ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र बरोबर नमुन्यात आधीच तयार ठेवलं होतं, फक्त फोटो मी आल्यावर लावला आणि सरपंचांनी अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर असा मारला. तालुक्याला नवीन नोंदणी नव्हतीच, रत्नागिरीला गेलो. ऑपरेटर बाई होत्या. एनआरआय म्हटल्यावर त्यांनी शेजारच्याला हाक मारली, दोघांनी मिळून पासपोर्टची पानं उलटली, मग एक जुनं परिपत्रक शोधलं. दहा मिनिटं गेली, पण कोणी हाकललं नाही.

मग बोटं. आधी डाव्या हाताची चार, मग उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे एकत्र. स्क्रीनवर प्रत्येक बोटाखाली रंग येतो. माझी सगळी लाल. बाईंनी ओल्या फडक्याने बोटं पुसायला दिली, मग माझ्या पंजावर स्वतःचा हात ठेवून काच दाबली. म्हणाल्या, "काय करता हो हाताने?" मी म्हटलं, "वेल्डिंग." त्या हसल्या, "गवंडी आणि वेल्डर आले की माझा अर्धा तास जातो." चौथ्या खेपेला सहा बोटं हिरवी झाली. डोळ्यांचं एका फटक्यात.

खरी गंमत नावाची. इंग्रजीत स्पेलिंग टाकलं की मराठी नाव आपोआप येतं. माझं आडनाव काळे. समोर आलं 'काले'. मशीनला ळ माहीतच नाही. हापूसवाल्यांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून ओरडलो, "थांबा, सबमिट करू नका!" सातबाऱ्यावर आजोबांपासून काळेच आहे. बाईंनी हाताने बदललं, दोनदा वाचून दाखवलं. तुम्हीही तिथे इंग्रजीबरोबर मराठी ओळ वाचल्याशिवाय मान हलवू नका. नंतर दुरुस्ती होते, पण तिचे पैसे पडतात आणि त्यासाठी आणखी एक रजा कुठून आणायची?

पावतीवर १४ आकडी नोंदणी क्रमांक आणि खाली तारीख-वेळ असते. ती जपून ठेवा, मी मोबाइलवर फोटो काढून बहिणीलाही पाठवला. मी सोहारला परत आल्यावर ३१ व्या दिवशी आधार तयार झालं. त्याच पावतीच्या क्रमांकावरून ई-आधार उतरवून घेतलं. ओटीपी भारतातल्या सिमवर रोमिंगमध्ये आला, तेव्हा मी वर पाइप रॅकवर होतो, हातात हातमोजे. खाली उतरेपर्यंत वेळ संपली, दुसऱ्यांदा मागवावा लागला. फाइल उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल टाकायचं, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो.

पॅन खरंच निष्क्रिय निघालं. @गणकयंत्र, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अधिकाऱ्यांना ई-मेल केलाय, पासपोर्टची आणि रेसिडेंट कार्डाची प्रत जोडून. उत्तर आलं की इथेच लिहीन.

वारस फेरफाराची १५ दिवसांची नोटीस लागली आहे. काल बहिणीने कार्यालयातल्या फळ्याचा फोटो पाठवला. आईचं नाव, तिचं नाव, खाली माझं. झूम करून बघितलं, ळ आहे.