कायरोप्रॅक्टर निवडताना रील बघायची की डिग्री?

वैतागलेला_कोथरूडकर
काल इथे 'चांगला कायरोप्रॅक्टर (हाताने झटके देऊन पाठ-मान मोकळी करणारा) कसा ओळखावा' असा सल्ला कुणीतरी टाकला. रीलला व्ह्यूज किती ते बघा, 'कट्'कन आवाज येतो का ते बघा, आणि पॅकेज घ्या, स्वस्त पडतं. बदामांचा नुसता पाऊस! हा बाबा शिकलाय कुठे, हे एकानेही विचारलं नाही.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टरांसाठी कायद्याने नेमलेली परिषदच नाही. उद्या मी पार्किंगमध्ये टेबल टाकून पाटी लावली तर तक्रार कुठे करणार? ब्रिटनमध्ये १९९४ चा कायदा आहे, नोंदणी नसताना ते नाव लावणं तिथे गुन्हा. आणि त्या आवाजाचं म्हणाल, तर सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो. २०१५ साली एमआरआयमध्ये बोट ओढून हे प्रत्यक्ष बघितलंय. हाड 'जागेवर बसलं' वगैरे काही नसतं.

जायचंच असेल तर हात लावायच्या आधी तो विचारतो काय ते बघा. पायात बधिरपणा? लघवीवरचा ताबा? ताप? पूर्वी कॅन्सर? रक्त पातळ करायच्या गोळ्या? यातलं काही न विचारता पालथं झोपा म्हणाला, तर चपला घालून घरी या.

जर्सीची_वहिनी
एवढा त्रागा कशाला? सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. इथे अमेरिकेत पदवी, राष्ट्रीय परीक्षा, राज्याचा परवाना असं सगळं लागतं. आमच्या ह्यांची कंबर धरली तेव्हा त्या बाईने आधी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, टाचांवर चालायला लावलं, मगच हात लावला. एका पायात जोर कमी वाटला म्हणून पुढच्या वेळी स्वतःच डॉक्टरांकडे पाठवलं. आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्याने धरलेल्या कमरेसाठी मणक्यावरचे हे उपचार आहेत. वाचा जरा.

जन्माने_पायाळू
यासाठी पैसे मोजता? आमच्या गावात कुणाला उसण भरली की सकाळी अंगणात येऊन पाठ करून उभा राहायचा. आजी मला अंथरुणातून उठवून आणायची, मी डोळे चोळत कमरेला लाथ लावायचो, माणूस चालत घरी. फी म्हणून कधी चार शेंगा, कधी तेही नाही. एकाचीही तक्रार आली नाही.

वैतागलेला_कोथरूडकर
कशी येईल? साधी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच जाते. श्रेय शेवटच्या लाथेला.

सलूनला_रामराम
विनोद पुरे. माझ्या मामाने दाढीनंतर सवयीने मान मोडून घेतली. संध्याकाळी चक्कर, उलट्या, तोल जायला लागला. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली होती, त्यातून मेंदूचा झटका. अजून भिंत धरून चालतात. न्हावी असो की अमेरिकेचा पदवीधर, मानेला झटका देऊ देऊ नका.

जर्सीची_वहिनी
वाईट वाटलं. पण हे फार क्वचित होतं, आणि न्हाव्याचं बिल कायरोप्रॅक्टरच्या नावावर का?

सलूनला_रामराम
क्वचित! मामीला सांगा ना हे.

सांगलीची_फिजिओ
दोघेही भांडताय आणि साडेचार वर्षं घासून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालेली माणसं कुणाला आठवत नाहीत. महाराष्ट्रात आमची परिषद आहे, नोंदणी क्रमांक मागा, दाखवू. पण आम्ही व्यायाम सांगतो, आणि व्यायाम कुणाला नको असतो. कंबर ह्यांची, मेहनत आमची! वर 'मसाजवाली ताई' म्हणतात. मी डॉ. लावते, लावणारच.

वॉर्डातला_एमबीबीएस
आलात का मूळ पदावर. पेशंटला फरक कळत नाही म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉ. लावू नका असं पत्र काढलं होतं.

सांगलीची_फिजिओ
आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. ते का गिळलंत, 'डॉक्टर'?

वॉर्डातला_एमबीबीएस
मागे घेतलं म्हणजे बरोबर ठरलं असं नाही. उद्या कायरोप्रॅक्टरही डॉ. लावतील.

वैतागलेला_कोथरूडकर
उद्या कशाला? रील उघडा. 'डॉ.' नाही असा एक दाखवा.

मेहुणा_पीएचडी
माझे मेहुणे संत साहित्यात पीएचडी. पाटीवर डॉ. आहे. कोविडमध्ये रात्री शेजारी ऑक्सिमीटर घेऊन दारात उभे! आकडा बरा होता म्हणून निभावलं.

वॉर्डातला_एमबीबीएस
हेच सांगतोय मी!

सांगलीची_फिजिओ
मी ऑक्सिमीटर वाचू शकते हो. आयसीयूत छातीची फिजिओ कोण देतं, तुम्ही?

ऑर्थोने_घाबरवलेला
एमबीबीएस साहेब, तुमच्याच बिरादरीतल्या एकाने फिल्म दिव्याला लावून, माझ्याकडे न बघता 'गादी सरकलीय, ऑपरेशन' म्हटलं होतं. पाय उचलूनसुद्धा बघितला नाही. व्यायामावर निभावलं. तेव्हा न तपासण्याचा मक्ता एकट्या रीलवाल्यांकडे नाही.

वॉर्डातला_एमबीबीएस
फोटोत गादी सरकलेली दिसते ती काहीही न दुखणाऱ्यांचीही. त्याने तपासायला हवं होतं, एवढं तुमचं खरं. म्हणून पाठ रीलवाल्याच्या हवाली करायची?

वैतागलेला_कोथरूडकर
वहिनी, वाचलं तुमचं २०१७. कमरेपुरतं धरू, बाई शिकलेली असेल तर. पण त्याच वाक्यात शेक, मसाज आणि ॲक्युपंक्चरही आहे, ते बरं सोयीने गाळलंत. गरम पाण्याची पिशवी फुकट पडते.

जर्सीची_वहिनी
गाळलं नाही भाऊ, तुम्ही वाचता का ते बघत होते.

सांगलीची_फिजिओ
एमबीबीएस, आयसीयूचं उत्तर राहिलं.