मुरगळलेला घोटा: सूज लगेच उतरवायची का राहू द्यायची?

लालमाती: चुलतभाऊ परवा तालमीतनं घोटा मुरगळून आला, तासाभरात पायाचा पार भोपळा. वस्ताद म्हणाले हळदीचा लेप घाला, काकू बर्फ घेऊन बसली, शेजारचा म्हणतोय सरळ स्टेरॉइडचं इंजेक्शन मार, रविवारी मैदान हाय. माझं म्हणणं दोन दिवस सुजेला हात लावू नका. मार लागला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रोटीन्स मिनिटांत वर येतात, त्यांना अडखळत पांढऱ्या पेशी भिंतीवरनं गडगडायला लागतात, ही झाली कुस्तीतली खडाखडी. मग केमोकाइनचा, म्हणजे पेशींना बोलावणाऱ्या रसायनाचा, इशारा मिळाला की पेशीवरचं इंटिग्रिन नावाचं प्रोटीन ताठ होतं आणि भिंतीवरच्या आयकॅम या प्रोटीनला पकड घालतं, पेशी जाग्यावर थांबते आणि चपटी होऊन फटीतनं बाहेर. या पांढऱ्या पेशींत आधी न्यूट्रोफिल, मागनं मोनोसाइट, ते मॅक्रोफेज होऊन मोडतोड साफ करतात. एवढी फौज बोलावल्यावर वाटेत अडवायची कशाला?

तांबडा_पांढरा: भावा, फौज कुणाविरुद्ध पण? मुरगळलेल्या घोट्यात जंतू कुठनं आले? न्यूट्रोफिल आपलं-परकं बघत नाही, त्याची एन्झाइम्स शेजारचं धड मांस पण खातात. आमच्या वडलांना गाउट आहे, अंगठ्याच्या सांध्यात युरिक ॲसिडचे खडे, जंतू एक नाही, तरी रात्री दोनला चादरीचा स्पर्श सोसेना म्हणून पाय पलंगाबाहेर काढून बसलेले. कोल्चिसिन दिलं, जे या पेशींची चाल आणि पकड दोन्ही बिघडवतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायात चप्पल घातली. सुजेला काम करू दे म्हटलो असतो तर काठीच बसली असती.

लॅबवाला: जरा थांबा दोघंबी. मागं एक आजोबा आले, दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, पांढऱ्या पेशी १५,०००. मुलगा रिपोर्ट घेऊन काउंटरवर घाबराघुबरा, इन्फेक्शन अंगभर पसरलं म्हणून. ताप नाही, काही नाही. स्टेरॉइडनं पकड सैल होते, भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून धारेत येतात आणि आमच्या मशीनला सापडतात, हाडातल्या मगजातनं पण जादा सुटतात. म्हणजे आकडा वाढला, पण जखमेकडं जाणाऱ्या कमी. त्या शेजाऱ्याचा नाद सोडा.

लालमाती: हेच म्हणतोय की! काही बाळांत इंटिग्रिनचा सीडी १८ हा भाग जन्मतःच नसतो, रक्तात पेशी ढीगभर आणि जखमेत पू टिपूसभर नाही, नाळ आठवडेच्या आठवडे गळत नाही, साध्या जंतूनं जीवावर बेततं.

तांबडा_पांढरा: ते जन्मभराचं, मी दोन दिवसांचा बर्फ म्हणतोय, कुठल्या टोकाला नेलास विषय मर्दा.

लॅबवाला: औषध करणाऱ्यांनी पण यात ठेच खाल्लीय. नॅटालिझुमॅब हे औषध इंटिग्रिनच अडवतं, २००४ ला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) साठी मंजूर झालं, २००५ ला मेंदूच्या दुर्मिळ इन्फेक्शनमुळं मागं घेतलं, २००६ ला अटी घालून परत आणलं.

तांबडा_पांढरा: परत आणलं ना? म्हणजे फायदा होताच. आणि २०१४ चं व्हेडोलिझुमॅब हे औषध आतड्याकडं जाणाऱ्याच पेशी अडवतं, बाकीच्या रस्त्यांना धक्का नाही. अडवायचं नाही असं नाही, कुठं अडवायचं ते कळलं पाहिजे.

फिजिओ_ताई: बर्फाचं ऐका. विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच हे सूत्र १९७८ मध्ये मांडलं अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी, आणि बर्फानं बरं व्हायला उशीर लागू शकतो हेही नंतर त्यांनीच सांगितलं. दुखणं फार असेल तर दहा मिनिटं फडक्यातनं ठेवा, तासतासभर नको. पण मला सांगा, पोरगा त्या पायावर चार पावलं टाकतोय का?

लालमाती: दोन टाकली आणि काकूसमोर शिवी हासडली.

फिजिओ_ताई: मग सिलेक्टिन राहू दे बाजूला, आधी एक्स-रे काढून आण.

लालमाती: गाडी काढतो.