कापसावरची ड्युटी काढली तर लिबर्टेरियन का चिडले?

धरमपेठी: ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी तात्पुरती काढली, तर एरवी "सरकारनं बाजारातून हात काढावा" म्हणणारे आपले लिबर्टेरियन मित्रच सगळ्यात जास्त ओरडले. ड्युटी म्हणजे टॅक्सच ना? हिंगणघाटच्या गिरणीले ब्राझीलची गाठ स्वस्त पडून राहिली तर मधात 11 टक्के मागणारं सरकार कोण? इन्कम टॅक्स म्हणजे लूट अन कस्टम म्हणजे राष्ट्रहित, वा!

काटोलकर: भाऊ, तुम्ही अर्धंच सांगून राहिले. तिकडचा शेतकरी तणनाशक सहन करणारं बियाणं पेरते, इथं तेच एचटीबीटी पेरलं की गुन्हा, मंग ऐन पावसात निंदणाले बाया शोधत फिरा, मजुरीतच अर्धा जीव जाते. 2019 मध्ये अकोल्याकडे शेतकरी संघटनेनं उघड पेरून दाखवलं तर केसेस लागल्या. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाचा भाव सरकार ठरवते, कांदा-गहू महागला की निर्यात बंद. हातपाय बांधून आखाड्यात उतरवता अन म्हणता खुली कुस्ती आहे.

धरमपेठी: मंग दोर कापायची मागणी करा ना! शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाले, म्हणजे खुल्या जागतिक व्यापाराच्या मसुद्याले, पाठिंबा दिला तेव्हा डावे-उजवे सगळे अंगावर आले होते, तरी ते हटले नाहीत. तुमच्यावर सरकारनं अन्याय केला तर त्याची भरपाई गिरणीवाल्यानं अन शर्ट घेणाऱ्यानं का करायची?

नाव नको: मधात बोलतो. अमेरिकेत 1913 च्या आधी, म्हणजे कायमचा इन्कम टॅक्स यायच्या आधी, केंद्राचा खर्च बराचसा कस्टमवरच चालायचा. सरकार पोलीस-कोर्टापुरतं ठेवलं तरी पैसा लागतेच, अन बंदरावर सरसकट 5 टक्के घेणारा माणूस माझं पासबुक तरी उघडून पाहत नाही.

धरमपेठी: सरसकट 5 टक्के असेल तर बोलू, ते महसुलासाठी झालं. पण गिऱ्हाईक अडवायले लावलेली ड्युटी नीट चालली तर मालच येत नाही, मंग महसूल कुठचा?

काटोलकर: तत्त्व बांगलादेशले सांगा. संत्र्यावरची ड्युटी वाढवत वाढवत 2023 मध्ये किलोमागं 88 टका केली, आमचा बारका माल बगिच्यातच राहिला.

धरमपेठी: अन ढाक्यातल्या माणसानं महाग संत्रा खाल्ला. आता आपणही आपल्याच लोकायले महाग सूत देऊन सूड उगवायचा का?

काटोलकर: सूड नाही हो, सौदा. त्याच ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के लावले अन आपण कापसाची ड्युटी सोडली. बदल्यात काय घेतलं, तेवढं सांगा.