अनुभव धागा: सुट्टीवाले, केकवाले आणि रोजचे

चार वर्षं मी पुण्यातल्या एका बालगृहात रविवारी गणित शिकवतो. पहिल्याच महिन्यात दोन दांड्या मारल्या. परत गेलो तर एका पोराने वही उघडलीच नाही. "तुम्ही पण सुट्टीवाले का?" मुलांनी आम्हा स्वयंसेवकांच्या तीन जाती पाडल्यात: कॉलेजच्या सुट्टीत येणारे, वाढदिवसाला केक आणणारे, आणि रोजचे. रोजचे म्हणजे आठवड्याला एकदा, पण न चुकता!

तुम्ही कुठे काम केलंत, का करता, सोडलं असेल तर का, लिहा. मुलांची नावं, फोटो, संस्थेचं नाव नको. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ नुसार ओळख उघड करता येत नाही, आणि तसंही करू नये.

*

मी केकवाली होते, कबूल. सासऱ्यांच्या श्राद्धाला जेवण द्यायला गेले, तर अधीक्षिका म्हणाल्या, "ताई, पितृपक्षात पोरं आठवड्यात चारदा गुलाबजाम खातात. जूनमध्ये चड्ड्या द्यायला मात्र कुणी येत नाही." तेव्हापासून दर जूनला आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड. याला स्वयंसेवा म्हणायचं का ते ठाऊक नाही.

*

साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ चालणाऱ्या शाळेत, दोन हंगाम शिकवलं. आईबाप पहाटेच फडात जायचे, मागे कोपीत (झोपडीत) धाकट्यांना सांभाळायला थोरली. नऊ-दहा वर्षांची ती पोर भावाला कडेवर घेऊनच वर्गात यायची. त्याला झोळीत टाकला की तिची पाटी सुरू. तो उठला की पाढा तिथेच राहायचा. तिला हाकलायचं की भावासकट बसवायचं, यावर आमच्यात भांडणं झाली. मी बसवलं.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि दोन दिवसांत तळ रिकामा. पुढच्या वर्षी मुकादमाने टोळी दुसऱ्या कारखान्याला नेली. कोण कुठवर शिकलं हे गावच्या गुरुजींना कसं कळणार? म्हणून दुसऱ्या हंगामात प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर तेवढंच लिहून दिलं. किती जणांनी ते वाचलं, देव जाणे.

*

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मुंबईत १९९६ साली सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. मी मधल्या काळातली. स्टेशनवर सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. तोवर शेजारी बसायचं. घरचा पत्ता खोदून विचारायचा नाही, हे मला फार उशिरा जमलं.

*

मी पगारी कर्मचारी, थोडं कडू बोलते. तुम्ही गेल्यावर रात्री जी मुलं जेवत नाहीत, ती आम्ही सांभाळतो. सहा महिने जमणार नसेल तर येऊच नका.

*

निवृत्त बँकवाला. पुण्य-बिण्य काही नाही, घरी बसून बायकोशी वाद घालण्यापेक्षा मुलांशी कॅरम बरा. तेही हरतो.

*

मी त्या बाजूचा, बालगृहात वाढलेला. अठरा पूर्ण झाली आणि अनुरक्षणगृहात (अठरानंतर राहायची सोय असते तिथे) गेलो. बँकेत खातं उघडताना एक दादा तीन चकरा सोबत आला होता. तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले, तेव्हा आम्ही दोघं पायरीवर दीड तास बसलो. तो आठवतो. गणित कोण शिकवायचं, ते आठवत नाही. माफ करा धागाकर्ते.