मदत हवी आहे : ओव्हररेटेड कोण, तो की मी?

घाईत_आहे
मंडळी, पटकन मदत हवी आहे. शनिवारच्या आत.
ऑफिसातल्या एका मित्राने मला इंडी रेसलिंगची, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रेसलिंगची, गोडी लावायचीच असा चंग बांधलाय. मी लहानपणापासून फक्त मोठ्या कंपनीचं, डब्ल्यूडब्ल्यूईचं, बघत आलो. त्याने एक मॅच दिली, समीक्षकाकडून पाच तारे मिळालेली. म्हणाला, ही बघ, मग टीव्हीवरचं सगळं तुला पाणचट वाटेल. काल रात्री बघितली. एक जण दुसऱ्याला आपटतो, पंच दोन मोजतो, हा खांदा उचलतो. मग दुसरा पहिल्याला आपटतो, पुन्हा दोन, पुन्हा खांदा. शेवटी लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या पिटतायत आणि मी जांभई देतोय.
शनिवारी तो मत विचारणार. मला एवढंच सांगा, हा माणूस ओव्हररेटेड आहे ना? आणि इंडीतली अशी आणखी चार-पाच फुगवलेली नावं द्या, म्हणजे नीट भांडता येईल.
लांबलचक इतिहास नको, प्लीज.

तिसरा_मोजा
कुठला माणूस?

कोपऱ्यातला
+१. कुठली मॅच? कुठलं प्रमोशन, म्हणजे कुठल्या कंपनीची? कुठलं साल? ज्योतिषाचा धागा शेजारी आहे.

घाईत_आहे
अहो, पाच तारेवाली. रिंग ऑफ ऑनरची. प्रसिद्ध आहे म्हणे.

जुनी_कॅसेट
रिंग ऑफ ऑनरला पाच तारे एकदाच मिळालेले नाहीत, साहेब. १६ ऑक्टोबर २००४, शिकागो रिज, समोआ जो विरुद्ध सीएम पंक, साठ मिनिटं, बरोबरी. १ ऑक्टोबर २००५, न्यूयॉर्क, जो विरुद्ध केंटा कोबाशी. ३१ मार्च २०१२, फोर्ट लॉडरडेल, डेव्ही रिचर्ड्स विरुद्ध मायकल एल्गिन. यातली कुठली? पहिल्या दोनपैकी असेल तर तुमच्या जांभईवर उपाय माझ्याकडे नाही.

घाईत_आहे
तिसरी. रिचर्ड्स. त्याच्याबद्दलच विचारतोय.

तिसरा_मोजा
मग आधी सांगायचं ना! शंभर टक्के ओव्हररेटेड. माझा या माणसावर जुना राग आहे.
बघा, समोरचा तुमच्या पायावर दहा मिनिटं काम करतो. पिळतो, आपटतो, रिंगच्या खांबाला गुंडाळतो. तुम्ही विव्हळता, लंगडता. लोकांनाही वाटायला लागतं की गेला याचा पाय. आणि मग तुमची पाळी आली की त्याच पायाने धावत जाऊन लाथ मारता? मग ती दहा मिनिटं कशासाठी होती? रिचर्ड्सच्या मॅचमध्ये हे मी किती वेळा बघितलंय याची मोजदाद नाही. दुखणं दाखवायचं, पण लक्षात ठेवायचं नाही. चेहरा मात्र कायम असा, की जणू ऑलिम्पिकची फायनल चालू आहे.
फिनिशरवर फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारे हुकमी डाव, खाऊन उठायचं, म्हणजे पुढच्या महिन्यात त्या फिनिशरला कोणी विचारत नाही. एकाच रात्रीत सगळी पुंजी उधळायची आणि त्याला क्लासिक म्हणायचं.

सुप्लेक्सताई
मोजाभाऊ, हेच तुम्ही दर सहा महिन्यांनी लिहिता. अर्धं बरोबर आहे, पण ही मॅच घेऊन बोला.
त्या रात्री चॅम्पियनशिपचा बेल्ट रिचर्ड्सकडे होता. जून २०११ मध्ये त्याने तो स्वतःच्या जुन्या टॅग पार्टनरकडून, एडी एडवर्ड्सकडून, घेतला होता. एल्गिन जिंकेल असं कोणालाच वाटत नव्हतं. मॅचचं काम हेच होतं, की या गड्याला वर आणायचं. आधी लोक नुसते बघतायत, मग तो उचलून आपटायला लागतो तसं त्यांना वाटायला लागतं, अरे, खरंच घेतो की काय! शेवटच्या किकआउट्सवर, म्हणजे पंच तीन मोजायच्या आत खांदा उचलला जातो तेव्हा, आवाज ऐका. लोक एल्गिनच्या बाजूला गेलेले आहेत. तो हरला आणि तरी मोठा होऊन बाहेर पडला. यात रिचर्ड्सचं काही श्रेय नाही?
धागाकर्ते, तुम्हाला तो लोकांचा बदल जाणवला का? खरं सांगा.

घाईत_आहे
आवाज बंद होता.

सुप्लेक्सताई
म्हणजे?

घाईत_आहे
म्यूट. रात्रीचा एक वाजला होता, घरात सगळे झोपलेले. आणि दीडपट वेगाने बघितली, सकाळी लवकर उठायचं होतं. त्याने काय फरक पडतो? रेसलिंग तर बघायचंच असतं.

कोपऱ्यातला
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही?????

जुनी_कॅसेट
म्यूट. दीडपट. आणि विचारतात, तो ओव्हररेटेड की मी. मी जरा फेरी मारून येतो.

टेक_काका
आवाज येत नसेल तर फाईल एमकेव्ही आहे का बघा. कधी कधी त्यात दोन ऑडिओ ट्रॅक असतात आणि चुकीचा निवडलेला असतो. व्हीएलसीमध्ये ऑडिओ मेनूत जाऊन ट्रॅक बदला. तरी नाही आला तर मला व्यनि करा.

घाईत_आहे
काका, आवाज मीच बंद केला होता.

रिसिडा_रिटर्न
थोडा अनुभव सांगतो. नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसला होतो तेव्हा पीडब्ल्यूजी या छोट्या इंडी कंपनीच्या दोन शोंना गेलो. रिसिडातला अमेरिकन लीजनचा हॉल. हॉल कसला, माजी सैनिकांच्या संघटनेची खोली. बुटकं छत, घडीच्या खुर्च्या, काहीशे माणसं आणि उकाडा असा की रेसलरआधी आपलाच शर्ट भिजतो. कोणी दोरावरून बाहेर उडी मारणार असं दिसलं, की पहिल्या दोन रांगा आपापल्या खुर्च्या उचलून पळतात.
माझ्यापासून सात-आठ फुटांवर एकाने दुसऱ्याच्या छातीवर चॉप मारला. व्हिडिओत नुसता फट्ट असा आवाज येतो. तिथे घामाचे थेंब उडालेले दिसले आणि पुढच्या चॉपला पाची बोटं छातीवर उमटलेली. त्या क्षणी समोरचा कोणीही असो, तुम्ही त्याला देव मानता. दोन महिन्यांनी त्याच शोची डीव्हीडी घरी बघितली. ठीक होती. बरी होती. मी तिथे ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, तो डीव्हीडीवर नुसता हात-पाय हलवत होता.
इंडीतली निम्मी नावं त्या खोल्यांनी मोठी केलीत. खोलीत त्यांचं कौतुक खरंच असतं. बाहेर आणलं की उतरतं.

तिसरा_मोजा
नेमकं! म्हणून मी म्हणतो, म्यूट करून बघणं हीच खरी परीक्षा. धागाकर्त्यांनी नकळत बरोबर केलं. गर्दीचा आवाज काढा, कॉमेंटेटरचा आरडाओरडा काढा, आणि बघा काय उरतं. ज्याची गोष्ट शरीरातून कळते तो मोठा. ज्याला 'धिस इज ऑसम'च्या घोषणा लागतात तो फुगवलेला.
सुपरकिकचंच घ्या. आवाज बंद करून बघा, लाथ हनुवटीच्या आसपास जाते आणि मारणाऱ्याचा हात स्वतःच्या मांडीवर. सगळा कडाका त्या मांडीचा! एकदा दिसलं की आयुष्यभर दिसत राहतं. यंग बक्स या जोडीच्या एका मॅचमध्ये मांड्यांचेच हाल जास्त.

सुप्लेक्सताई
आले यंग बक्स. वाटच बघत होते.
भाऊ, आवाज काढून रेसलिंग बघायचं म्हणजे नाटकातले संवाद काढून नटाला नापास करायचं. प्रेक्षक हा या खेळातला तिसरा माणूस आहे. चांगला रेसलर त्याला वाजवतो. केव्हा थांबायचं, केव्हा मान वर करून लोकांकडे बघायचं, हे त्यांच्या आवाजावरून ठरतं. आणि मांडीवर हात काय फक्त बक्सच मारतात? शॉन मायकल्सची सुपरकिक बघा म्यूट करून, मग बोलू.
राहिली 'फुगवलेल्यां'ची गोष्ट. याच दोघांनी कोडी या रेसलरबरोबर १ सप्टेंबर २०१८ ला शिकागोजवळ होफमन इस्टेट्सला 'ऑल इन' केलं. तिकिटं अर्ध्या तासात संपली, दहा हजारांच्या वर लोक. पाठीशी मोठी कंपनी नसताना. तुमच्या आवडत्या 'शरीरातून गोष्ट'वाल्यांनी किती विकली?

तिसरा_मोजा
तिकीट विकणं वेगळं, रेसलिंग वेगळं. २०१६ च्या पीडब्ल्यूजीच्या बॅटल ऑफ लॉस एंजेलिस स्पर्धेतली ती सहा जणांची मॅच, बक्स आणि अ‍ॅडम कोल एकीकडे, ऑस्प्रे, रिकोशे, सिडल दुसरीकडे. तिलाही पाच तारे. मला आजही विचारा, कोण का भांडत होतं, सांगता येणार नाही. कोण कुठून उडालं ते सांगता येईल.

सुप्लेक्सताई
ती मजा होती. मजेला कारण लागत नाही.

कोपऱ्यातला
ऑस्प्रे-रिकोशेवरून आठवलं. २०१६ च्या मे महिन्यात टोकियोत कोराकुएन हॉलला या दोघांची मॅच झाली आणि जुन्या पिढीतल्या व्हेडर या रेसलरने जिम्नॅस्टिक्स म्हणून खिल्ली उडवली. इथपर्यंत नेहमीचंच, जुने लोक नव्यांना नावं ठेवतातच. पण मग त्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या यॉर्क हॉलला व्हेडर विरुद्ध ऑस्प्रे मॅच लागली आणि एकसष्ट वर्षांचा व्हेडर जिंकला! इंटरनेटवरच्या भांडणाचं तिकीट लावायचं, हे फक्त या धंद्यात होतं. तुम्ही दोघंही विचार करा, मी पंच व्हायला तयार आहे.

नवखा_२३
एक बेसिक प्रश्न. हे सगळं खोटं असतं ना? मग ओव्हररेटेड म्हणजे नक्की काय? जिंकणार कोण ते आधीच ठरलेलं असेल तर रेटिंग कशाचं?

जुनी_कॅसेट
(फेरी मारून आलो.) निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. रेटिंग त्या पडण्यावर तुम्ही विश्वास ठेवलात की नाही याचं. आणि तारे देणारा मुख्यतः एकच माणूस, 'रेसलिंग ऑब्झर्व्हर'चा डेव्ह मेल्ट्झर. त्याची आवड म्हणजे कायदा नव्हे. पट्टी पाचाची होती. २०१७ च्या जानेवारीत जपानमधल्या ओमेगा-ओकाडा मॅचला सहा दिले, २०१८ च्या जूनमध्ये त्याच दोघांना सात. पाचाच्या पट्टीवर सात आल्यावर त्या पट्टीने मोजायचं काय?
डीव्हीडीच्या काळात आणखी एक गंमत होती. मॅच हातात यायच्या आधी तारे हातात यायचे. महिनाभर आपण मनातल्या मनात ती मॅच बघत असायचो. मग खरी मॅच आली की ती बिचारी मनातल्या मॅचशी हरायची. 'ओव्हररेटेड' हा शब्द पुष्कळदा तिथून यायचा.

घाईत_आहे
सगळ्यांचे आभार, पण माझी चार-पाच नावं कुठेत? आज गुरुवार आहे.

तिसरा_मोजा
घ्या. डेव्ही रिचर्ड्स, यंग बक्स, ऑरेंज कॅसिडी. कॅसिडी तर खिशात हात घालून रेसलिंग करतो! हा विनोद एकदा हसवतो, पन्नास वेळा नाही.

सुप्लेक्सताई
कॅसिडीला हात लावायचा नाही.
खिशात हात घालून उलटी कोलांटी मारून दाखवा, मग नावं ठेवा. तो नडगीवर हळूच टिचक्या मारल्यासारख्या लाथा मारतो ना, तेव्हा समोरचा किती चिडतो ते बघा. अख्खी मॅच त्या चिडण्यावर उभी असते. आणि वीस मिनिटांनी हात खिशातून बाहेर येतात तेव्हा हॉल हादरतो. कमीत कमी करून जास्तीत जास्त मिळवणं म्हणजे तुमचंच तत्त्व, मोजाभाऊ. म्यूट करून बघा, सगळं कळेल.

तिसरा_मोजा
...
हे जरा लागलं. बघतो.

रिसिडा_रिटर्न
धागाकर्ते, नावं घेऊन भांडायला जाऊ नका. तो मित्र कधीपासून बघत असणार, दोन मिनिटांत तुमची विकेट काढेल. त्यापेक्षा त्याला विचारा, त्याने ही मॅच पहिल्यांदा कुठे, कोणाबरोबर बघितली. माझा अंदाज, उत्तर त्यातच असेल.

जुनी_कॅसेट
आणि सांगायला एक मुद्दा हवाच असेल तर हा घ्या. त्या मॅचनंतर दीड महिन्यात, मे २०१२ मध्ये, टोरंटोला केविन स्टीनने रिचर्ड्सचा बेल्ट काढून घेतला. पोट सुटलेला, टी-शर्ट घालून लढणारा, तोंडाचा फटकळ. तोच पुढे केविन ओवेन्स. रिचर्ड्सकडे सगळे डाव होते, पण तुम्ही त्याच्यावर चिडत नव्हता की त्याच्यासाठी घाबरत नव्हता. स्टीन रिंगमध्ये नुसता उभा राहिला तरी हॉल दोन्हीपैकी एक करायचा. रिचर्ड्स वाईट नव्हता हो. त्याला जिथे बसवलं ती खुर्ची त्याच्या मापाची नव्हती.
आता २००४ ची जो-पंक बघा. आवाजासकट, सरळ वेगाने. तासभर आहे, रडू नका.

घाईत_आहे
तासभर??? बरं. हेडफोन शोधतो.

घाईत_आहे
चालू केलीय. हा पंक मघापासून नुसती मान काखेत धरून बसलाय. जो सुटतो, हा परत धरतो. एवढा मोठा जो, आणि याचं तेच.

जुनी_कॅसेट
हं. हेडलॉक. बघत राहा. मोठ्या माणसाला दमवायचं तर वेळ लागतो.

घाईत_आहे
काहीच होत नाहीये आणि तरी बंद करवत नाहीये. मगाशी जो सुटला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो होतो.
एकच अडचण आहे, हेडफोनच्या डाव्या बाजूने काही ऐकू येत नाही.

टेक_काका
वायरवाला की ब्लूटूथ? मॉडेल काय? फोनला लावलाय की लॅपटॉपला? आधी सगळं नीट सांगा, मग उपाय सांगतो.