‘पेपर्स’ला मराठीत काय म्हणायचे? दप्तर, कागदपत्रे, की पेपर्सच?

बोरू
विसाव्या शतकातल्या अमेरिकी कवींच्या पत्रांवरचा एक लेख मराठीत आणणे चालू आहे. अडलेले वाक्य असे: रॉबर्ट लॉवेलची पत्रे व्हासार कॉलेजच्या ‘एलिझाबेथ बिशप पेपर्स’मध्ये आहेत आणि बिशपने लॉवेलला लिहिलेली पत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, ‘रॉबर्ट लॉवेल पेपर्स’मध्ये. ‘पेपर्स’ म्हणजे इथे एका व्यक्तीच्या पत्रांचा, कागदांचा ग्रंथालयातला संग्रह. मी तो शब्द तसाच ठेवला होता. संपादकांनी एका जागी ‘कागदपत्रे’ केले, दुसऱ्या जागी ‘शोधनिबंध’. शिवाय नावे चुकून उलटी पडली असावीत असे समजून ग्रंथालयांची अदलाबदल करून टाकली. शोधनिबंध तर जाणारच. पण ‘कागदपत्रे’ म्हटले की सातबारा आणि रेशनकार्ड डोळ्यांपुढे येते. पेशवे दप्तर चालते, मग ‘बिशप दप्तर’ का चालू नये?

मोडीवाचक
चालावे, बिनदिक्कत. दप्तर हा शब्द फारसीतून आला, फारसीत तो ग्रीक ‘दिफ्थेरा’वरून गेला आणि दिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर लिहीत. घशातल्या पापुद्र्यामुळे नाव पडलेला डिफ्थीरिया त्याच कुळातला. म्हणजे लिहिण्याच्या वस्तूपासून लिहिलेल्याच्या साठ्यापर्यंतचा सगळा प्रवास या एका शब्दात आहे. बरे, दप्तराच्या पोटातले शब्दही आपल्याकडे तयार आहेत. पुण्याच्या दप्तरात कागद रुमालात बांधलेले असतात आणि ‘अमक्या रुमालातला कागद’ असाच हवाला देतात. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडक ४५ खंड काढले तेव्हा कुणाला ‘पेपर्स’ची गरज भासली नाही.

मार्जिन
मोडीवाचक, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण शब्द इथे चुकीचा बसतो. अमेरिकी अभिलेखागारांत तीन नावे जाणून-बुजून वेगळी ठेवतात. एखाद्या माणसाच्या किंवा घराण्याच्या हातून साचलेले ते ‘पेपर्स’. संस्थेच्या कामकाजातून निर्माण झालेले ते ‘रेकॉर्ड्स’. आणि तिसऱ्याच कुणीतरी ठिकठिकाणांहून गोळा केलेले ते ‘कलेक्शन’. पेशवे दप्तर हे राज्याच्या कारभाराचे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे. एका प्रकाशनसंस्थेची किंवा कवितेच्या मासिकाची फाइलबंद पत्रे असतील तर त्यांना खुशाल दप्तर म्हणा. बिशप ही व्यक्ती. तिच्या पेट्यांत कवितांचे खर्डे, वह्या, फोटो, आलेली पत्रे असे सगळे आहे. त्याला दप्तर म्हटले की ते एखाद्या कचेरीचे वाटते, नाहीतर शाळेच्या पोरांच्या पाठीवरचे.

आणखी एक व्यवहारातली सूचना. आडनाव एकटे वापरू नका. ‘बिशप कागदपत्रे’ वाचून वसईतल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला धर्मप्रांताची कागदपत्रे वाटतील. ‘एलिझाबेथ बिशप’ हे पूर्ण नाव प्रत्येक वेळी हवे.

टाक
व्यक्ती आणि संस्था हा भेद मराठीनेही पाळावा असे कुठे आहे? चिटणिशी दप्तर म्हणतो तेव्हा ते एका घराण्याचेही असते. भेद हवाच असेल तर ‘खाजगी दप्तर’ म्हणा. ‘पेपर्स’ ठेवणे म्हणजे हात टेकणे. वाचकाला ‘पेपर’ म्हणजे सकाळचे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर.

मार्जिन
‘खाजगी कागद’पर्यंत मी येईन. पण कागदही पुरा पडत नाही. कवयित्री मेरिअन मूरने १९६८ मध्ये आपले पेपर्स फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयाला विकले. १९७२ मध्ये ती वारल्यावर तिची बैठकीची खोलीही तिथे जशीच्या तशी उभी केली गेली. कवी अ‍ॅलन गिन्सबर्गचे पेपर्स १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने घेतले, त्यात ध्वनिफितींचा मोठा साठा आहे. फितीला कागदपत्र कसे म्हणणार?

उंबरठा
शब्द सापडेपर्यंत लेखातली मोठी चूक तरी निस्तरा. ग्रंथालयांची अदलाबदल झाली आहे ती आधी मागे घ्यायला लावा, कारण बोरूंचे मूळ वाक्य बरोबर आहे. पत्र ज्याला मिळते त्याच्या घरी राहते. त्यामुळे बिशपच्या पेट्यांत लॉवेलची पत्रे असणार आणि लॉवेलच्या पेट्यांत बिशपची. पाठवणाऱ्याने कार्बन ठेवला असेल तरच त्याच्या बाजूला आपल्याच पत्राची नक्कल सापडते. बिशप व्हासारची विद्यार्थिनी, १९३४ च्या तुकडीतली. १९७९ मध्ये ती गेल्यानंतर तिचे पेपर्स तिथे गेले. लॉवेलने मात्र हयातीतच आपले हार्वर्डला दिले, त्याबरोबर तिची पत्रेही गेली. यात आणखी एक गुंता आहे: लॉवेलच्या शेवटच्या काही वर्षांचे कागद ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहेत. ‘लॉवेल पेपर्स’ असे नुसते लिहिले तर वाचक कुठल्या गावी जाईल? ग्रंथालयाचे नाव प्रत्येक उल्लेखात हवे.

भाषांतरात ‘बिशपची पत्रे’ हा प्रयोग पूर्ण टाळा. तो ‘बिशपने लिहिलेली’ आणि ‘बिशपकडे असलेली’ असा दोन्ही बाजूंनी वाचता येतो, आणि संपादक घसरले ते नेमके तिथेच. ‘लॉवेलने बिशपला लिहिलेली’ असे लांबलचक लिहायचा कंटाळा करू नका.

मोडीवाचक
यासाठी तर आपल्या कचेऱ्यांत दोन चोख शब्द आहेत: आवक आणि जावक. बिशपच्या संग्रहातली लॉवेलची पत्रे ही तिची आवक. कार्बन नकला ही जावक. सूचीत विभागांची नावे ‘आवक पत्रे’, ‘जावक पत्रे’ अशी दिली तर एकही वाचक गोंधळणार नाही.

टाक
हे झकास आहे. माझे पूर्ण अनुमोदन.

मार्जिन
सूचीत चालेल, लेखात नाही. दोन कवींनी तीस वर्षे एकमेकांना जीव तोडून लिहिलेल्या पत्रांना ‘आवक क्रमांक’ची नोंदवही चिकटल्यासारखे वाटते.

उंबरठा
वाटू दे, अर्थ तर स्वच्छ होतो. आणि या स्वच्छतेवर पुढे कायद्याचा प्रश्नही अवलंबून आहे. आलेल्या पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा. मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. अप्रकाशित पत्रांसाठी अमेरिकेत तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, आणि शेवटचे वर्ष डिसेंबरअखेरपर्यंत धरतात. बिशपचे अप्रकाशित पत्र त्यामुळे २०४९ संपेपर्यंत हक्कात आहे. म्हणून मूळ पत्रातला उतारा छापायचा तर दोन वेगळ्या परवानग्या: एक मूळ कागद ज्याच्याकडे आहे त्या ग्रंथालयाची, दुसरी वारसांची. ग्रंथालयाने फोटो दिला म्हणजे छापायची मुभा मिळाली असे होत नाही. बोरू, लेखात उतारे छापील आवृत्तीतून घेतले आहेत की कागदावरून, ते आधी तपासा.

लॉवेलने १९७३ च्या ‘द डॉल्फिन’ या कवितासंग्रहात आपली घटस्फोटित पत्नी एलिझाबेथ हार्डविक हिची पत्रे बदलून कवितेत वापरली. त्यावरून जे वादळ झाले त्याच्या मुळाशी हाच भेद आहे. कागद त्याच्या हातात होता, शब्द तिचे होते.

शाईदौत
‘पत्रव्यवहार’ या शब्दावर कुणी बोलत नाही याचे आश्चर्य वाटते. व्यवहार म्हटला की देणे आणि घेणे दोन्ही आले. कवी टी. एस. एलियटने आपली जवळची मैत्रीण एमिली हेल हिला लिहिलेली १,१३१ पत्रे प्रिन्स्टनला आहेत, १४ खोक्यांत. हेलने ती १९५६ मध्ये दिली, अट अशी की दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी उघडावीत. एलियट १९६५ मध्ये गेला, हेल ऑक्टोबर १९६९ मध्ये, आणि खोकी वाचकांसाठी खुली झाली २ जानेवारी २०२० रोजी. हेलची उत्तरे मात्र एलियटच्या सांगण्यावरून जाळली गेली, उरले असेल ते नगण्य. तरी मराठीत बेधडक ‘एलियट–हेल पत्रव्यवहार’ लिहिले जाते. अर्धा व्यवहार राखेत आहे, तेव्हा तिथे ‘एलियटची हेलला पत्रे’ एवढेच म्हणणे प्रामाणिक.

तसेच ‘मोहरबंद’. त्याने उगाच लाखेची मोहर डोळ्यांपुढे येते. ‘मुदतीपर्यंत बंद’ म्हणा, आणि मुदत कोणत्या घटनेपासून मोजली ते सांगा. ‘५० वर्षे बंद होती’ असे लिहिले की वाचक १९५६ मध्ये ५० मिळवून २००६ काढतो.

टाक
‘पत्रव्यवहार’वर असहमत. एका बाजूची पत्रे हरवली म्हणून झालेला व्यवहार न झाल्यासारखा होत नाही. शब्द घटनेचा आहे, शिल्लक कागदाचा नाही.

शाईदौत
सूची मात्र शिल्लक कागदाचीच असते. तिथे घटनेचा शब्द घातला की संशोधक हेलची पत्रे मागायला येतो.

बोरू
लेखात पुढे ‘मॅन्युस्क्रिप्ट’ आणि ‘ड्राफ्ट’ बरेचदा आले आहेत. मी सरसकट ‘हस्तलिखित’ आणि ‘मसुदा’ वापरले आहे. तेही बदलावे का?

मार्जिन
‘हस्तलिखित’ नक्की बदला. टाइपरायटरवर लिहिणाऱ्या पिढीत ते बहुतेक वेळा खोटे ठरते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेचे जे कागद आहेत त्यांत टाइप केलेली पाने, हाताने लिहिलेली पाने, कवी एझ्रा पाउंडची काटछाट आणि एलियटची पत्नी व्हिव्हिएन हिचे शेरे असे सगळे एकत्र आहे. एलियटचा आश्रयदाता वकील जॉन क्विन याच्याकडे गेलेला हा गठ्ठा ग्रंथालयाने १९५८ मध्ये विकत घेतला आणि १९६८ मध्ये जाहीर केला. १९७१ मध्ये त्याची प्रतिकृती निघाली, तेव्हा तिच्या शीर्षकातही ‘मॅन्युस्क्रिप्ट’ नाही, ‘मूळ ड्राफ्ट्स’ आहे.

कागद हातात आला की तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. फितीवरून उठलेली वरची टंकप्रत: अक्षरांच्या कडा धारदार, पान उलटून बोट फिरवले तर ठसे लागतात, पूर्णविरामाच्या जागी कधी कधी भोकही पडलेले असते. कार्बनप्रत: कडा फुगीर, अक्षरावर थोडा धूसरपणा, कागद बहुधा पातळ, सही बहुतेक वेळा नाही. तिसरी, टंकप्रतीवर हाताने केलेली दुरुस्ती. सगळ्यात घात होतो तो इथे. कवीने वरच्या प्रतीत शाईने ओळ बदलली आणि कार्बनवर बदलली नाही, तर एकाच दिवशी एकाच यंत्रातून निघालेल्या दोन प्रतींत दोन पाठ होतात. ‘टंकलिखित’ एवढेच लिहिले तर कुठला पाठ पाहिला ते कळत नाही. ‘टंकप्रत, शाईने दुरुस्त’ असे पूर्ण लिहा.

मोडीवाचक
‘ड्राफ्ट’ला मसुदा नको, खर्डा हवा. मसुदा अरबी, त्या धातूचा अर्थ काळा करणे, म्हणजे व्युत्पत्तीने काहीच अडत नाही. पण रूढीने मसुदा कराराचा, ठरावाचा, विधेयकाचा. तो कुणापुढे तरी मंजुरीला ठेवायचा असतो. कवीचा कागद स्वतःसाठी खरडलेला, म्हणून खर्डा.

शाईदौत
खर्ड्याला माझेही मत. बिशपच्या ‘वन आर्ट’ या कवितेचे सोळा-सतरा खर्डे व्हासारला आहेत. त्यातला पहिला टाइप केलेला आहे आणि जवळजवळ गद्यच: हरवलेल्या वस्तूंची, घरांची, जागांची सैल यादी. व्हिलानेलचा, म्हणजे ठरावीक ओळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या एकोणीस ओळींच्या कवितेचा, घट्ट साचा नंतर आला. छापून आली १९७६ मध्ये. त्या पहिल्या पानाला मसुदा म्हणवत नाही.

बफेलोच्या विद्यापीठ ग्रंथालयाचे चार्ल्स अ‍ॅबट यांनी १९३०च्या दशकात कवींना पत्रे लिहून मागितले ते हेच: शुद्ध प्रत नको, टोपलीत जाणारे खोडलेले कागद पाठवा. अशा कागदाला जपण्याजोगे मानले गेले ते त्या काळात नवे होते. त्यांच्या ‘वर्कशीट’ला मराठीत ‘कच्चे कागद’ छान बसते.

टाक
‘कच्चे’ म्हटले की कमअस्सल वाटते. त्यापेक्षा ‘घडणप्रत’ करा.

मार्जिन
घडणप्रत कुणाच्याही तोंडी नाही. कच्चा खर्डा, पक्की प्रत हे घरोघरी माहीत आहे.

उंबरठा
आणि पाठपोट लिहिलेल्या कागदाचे काय? कवयित्री सिल्व्हिया प्लाथने ‘एरियल’ या संग्रहातल्या कवितांचे बरेच खर्डे स्मिथ कॉलेजच्या गुलाबी मेमो कागदावर आणि आपल्या ‘द बेल जार’ या कादंबरीच्या टंकप्रतीच्या कोऱ्या पाठीवर लिहिले. ते आता स्मिथलाच आहेत. एकाच कागदाचे पोट कादंबरीचे आणि पाठ कवितेची. सूचीकाराला तो एकाच फोल्डरमध्ये ठेवावा लागतो. कवितेच्या क्रमाने लावला तर कादंबरीची पाने विखुरतात, कादंबरीच्या क्रमाने लावला तर खर्ड्यांची साखळी तुटते. म्हणून कागद हलवायचा नाही, दोन्ही नोंदींत एकमेकांचा हवाला द्यायचा. भाषांतरात ‘मागील बाजू’ लिहाल तर कुठल्या लेखनाची मागील, हा प्रश्न उरतोच. ‘पाठ’ही धोक्याचा, कारण संशोधनाच्या भाषेत पाठ म्हणजे मजकुराचे रूप. मार्जिननेच वर ‘दोन पाठ’ म्हटले आहे.

मोडीवाचक
‘पाठ’ आणि ‘पाठभेद’ जुने आहेत, ते सोडता येणार नाहीत. बाजूसाठी ‘पाठीमागचा मजकूर’ म्हणा.

बोरू
सर्वांचे आभार. अदलाबदल मागे घेतली आहे, ‘बिशपची पत्रे’ सगळीकडून काढले, खर्डा घेतला. पण ‘पेपर्स’ अजून तसेच आहे आणि त्यात एक नवी भर: सूचीत संग्रहाचा आकार ‘लिनिअर फूट’मध्ये दिला आहे. ‘रेषीय फूट’ केले तर संपादक विचारतात की कागद एकापुढे एक लावून मोजले का.

मार्जिन
नाही. फळीवर खोकी उभी लावल्यावर जेवढी लांबी अडते तेवढी. नेहमीचे अभिलेख-खोके ५ इंच रुंद असते, म्हणजे बारा खोक्यांना ५ फूट फळी. पानांची संख्या त्यातून नेमकी निघत नाही, कारण पातळ कार्बन आणि जाड फोटो यांची दाटी वेगळी. ‘फळीवरची लांबी अमुक फूट’ असे लिहा.

टाक
‘फळीफूट’ एक शब्द करा. सुटसुटीत आहे.

मोडीवाचक
फळीफूट लाकडाच्या वखारीतला वाटतो, तिथे घनफुटाचा हिशेब चालतो. सरळ ‘रुमाल’सारखे एकक घ्या आणि खोकी मोजा. आणि बोरू, ‘खाजगी दप्तर’चा पर्याय तुम्ही अजून तपासलेला दिसत नाही.

मार्जिन
खोकी मोजून चालत नाही. अर्ध्या रुंदीचे, अडीच इंचाचेही खोके असते, आणि सूचीकार दोन्ही मिसळून वापरतात. म्हणूनच फूट. ‘खाजगी दप्तर’ला माझा विरोध कायम आहे.